चौदा लटकनं

"बाबा, मी आत्ता निघालेय," प्रांजली फोनवर म्हणाली. "दीड-दोन तास लागतील. हेब्बाळला मॅपवर सगळं लाल दाखवतंय. आणि हो, आईचं ब्रेसलेट आहे तसंच ठेवा हं. पुसूबिसू नका. मला ते ओळीनं बघायचंय." मी बरं म्हणालो. तिने फोन ठेवल्यावरही मी तो कानाशी तसाच धरून बसलो. समोर जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या पाच वाट्या होत्या आणि त्या वाट्यांत त्या ब्रेसलेटची चौदा लटकनं मी काल दुपारी वर्गवारीने वाटून ठेवली होती. पहिल्या वाटीत मासा आणि घुबड, म्हणजे प्राणी. दुसरीत एकटं पिंपळपान. तिसरीत पाय, कान आणि डोळ्यांची जोडी. चौथीत स्कूटर आणि होडी. पाचवीत उरलेल्या सगळ्या वस्तू: पाळणा, जोडा, कॉफीचा टंबलर, घर, किल्ली, शिडी. प्रत्येक वाटीखाली कागदाची चिठ्ठी होती, माझ्या अक्षरात. आज सकाळपर्यंत मला त्या मांडणीचं थोडं समाधानही वाटत होतं, हे लिहिताना लाज वाटते.

माझा हेतू वाईट नव्हता. अर्थात माझा हेतू वाईट असा कधीच नसतो, आणि त्याचा उपयोगही फारसा कुणाला झालेला नाही. माझी बायको प्रमोदिनी मार्चमध्ये गेली. इस्पितळातल्या नर्सने तिचं ब्रेसलेट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, पिशवीवर तिचं नाव आणि खाटेचा नंबर. पाच महिने ती पिशवी मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली होती. येत्या गुरुवारी प्रांजली आणि तिचा नवरा मुकुल हॅम्बुर्गला जाताहेत, कायमचेच म्हणायचे. जाण्याआधी रविवारी येते आणि ते ब्रेसलेट घेऊन जाते, असं तिने गेल्या आठवड्यात सांगितलं, आणि मला वाटलं की तिला ते नीट करून द्यावं. साखळी झिजली होती, दोन कड्या तर दोऱ्यासारख्या बारीक झाल्या होत्या. मी छोट्या पकडीने एकेक लटकन सोडवलं, रिकामी साखळी घेऊन जुन्या येलहंक्यातल्या चांदीच्या दुकानात गेलो आणि नवीन घेऊन आलो. जुनी त्याने मोडीत घेतली. मग घरी आल्यावर ती चौदा लटकनं समोर अस्ताव्यस्त पडलेली पाहून माझ्या हातांना जे येतं ते त्यांनी केलं. एकतीस वर्षं मी एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली. समोर ढीग दिसला की मी विषय लावतो.

ओळीनं, असं ती म्हणाली होती. त्या एका शब्दाशी मी अडलो. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे त्याचा विषय बदलो, कपाट बदलो, पुठ्ठा फाटून नवा बसो, तो क्रमांक बदलत नाही. तो एवढंच सांगतो की हे आपल्याकडे केव्हा आलं, कशाच्या नंतर आणि कशाच्या आधी. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो की विषय चुकला तर दुरुस्त करता येतो, दाखल क्रमांक पुसला तर पुस्तक अनाथ होतं. प्रमोदिनीने तिची लटकनं साखळीच्या आकड्याच्या बाजूने एकापुढे एक अशी चव्वेचाळीस वर्षं ओवली होती. ती तिची दाखल नोंदवही होती आणि मी ती एका दुपारी पकडीने उसवली. झिजलेल्या कड्यांवरून कदाचित काही कळलं असतं, जुनं लटकन लोंबतं तिथे कडी जास्त खाल्ली जाते. पण ती साखळी आता दुकानात वितळलीसुद्धा असेल.

मी नवीन साखळी समोर सरळ ठेवली आणि आठवू लागलो. पिंपळपान पहिलं, एवढं नक्की. लग्नानंतर आम्ही पुण्याहून इथे कन्नड मुलखात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी अव्हेन्यू रोडवर एका दुकानात ती काचेला नाक लावून उभी राहिली होती. नवसाच्या चांदीच्या वस्तूंचं दुकान. डोळे, हात, पाय, पाळणे, इवली घरं. ज्याचं जे दुखतं ते चांदीत करून देवाला वाहायचं. मी म्हणालो चल, उशीर होतोय. ती म्हणाली, "अहो, थांबा ना, किती छोटं आहे सगळं." तिने पान घेतलं, त्याला कडी लावून घेतली आणि तिथेच साखळी मागितली. पुढे काही नवस बोलली की ती तीच वस्तू दोन घ्यायची. एक देवाला, एक स्वतःला. ती एका सरकारी कारखान्यात ट्रेसर होती, यंत्रांच्या आराखड्यांवर पारदर्शक कागद ठेवून शाईने नकला काढायची. "देवाकडे मूळ प्रत," ती म्हणायची, "हरवली तर माझ्याकडे नक्कल असू दे." काही लटकनं नवसाची नव्हती, नुसती आवडली म्हणून घेतलेली. कोणती कुठली, ते मला कळत नाही. शाई फिसकटू नये म्हणून ती ब्रेसलेट डाव्या हातात घालायची, आणि बसच्या रांगेत, बँकेत, डॉक्टरकडे, उजव्या हाताच्या बोटांनी एकेक लटकन चाचपत बसायची. मी पुस्तक काढायचो, ती मनगट काढायची. एकदा मी विचारलं होतं की एवढं काय आहे त्यात. ती म्हणाली, "गळ्यातलं दुसऱ्यांना दिसतं. हे मला दिसतं." मला ते वाक्य आवडलं होतं. आवडलं म्हणून मी ते लक्षात ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पाळणा प्रांजलीचा, म्हणजे दुसरा. मासा मग तिसरा, कारण आम्ही कारवारला गेलो तेव्हा प्रांजली दोन वर्षांची होती आणि तिथे समुद्र होता. स्कूटर आम्ही घेतली तेव्हाची. स्कूटरवरून पडून माझा पाय मोडला, म्हणून पाय स्कूटरच्या नंतर. इथवर मी एखाद्या हस्तलिखिताची पानं जुळवावी तसा जवळजवळ उत्साहाने जात होतो. घर या फ्लॅटचं, दोन हजार तीन. डोळे माझ्या मोतीबिंदूचे, अलीकडचे. पण टंबलर? जोडा? घुबड? मी उठून फोटोंचे अल्बम काढले. घरातले फोटो मीच काढायचो आणि मी चेहरे मधोमध घ्यायचो. प्रमोदिनीचा डावा हात कुठे प्रांजलीच्या पाठीमागे, कुठे पदराखाली, कुठे चौकटीबाहेर. प्रांजलीच्या लग्नाच्या एका फोटोत तो हात पदर सावरायला उचललेला आहे. तिथे मनगटाभोवती एक पांढुरकी धुरकट रेघ आहे, कारण हात हलत होता. मी भिंग लावून ती रेघ बराच वेळ पाहिली.

ठकुबाई आली तेव्हा साडेदहा झाले असतील. ती चिकोडीकडची, पंधरा वर्षांपासून आमच्याकडे कामाला आहे आणि मी तिच्याशी पंधरा वर्षांत जेवढं बोललो नसेन तेवढं गेल्या पाच महिन्यांत बोललो आहे, म्हणजे तसं थोडंच.

"काय मांडलंयसा हे अण्णा?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं. "भातुकली?"

"ब्रेसलेट दुरुस्त करतोय."

"दुरुस्त? हे तर सगळं सुटं केलंयसा." ती वाकून वाट्यांत पाहू लागली. "आगं आई गं. आणि ह्या चिठ्ठ्या कशाच्या? वाण्याचं दुकान घालणार काय?"

मी तिला विचारलं, क्रम आठवतो का. मला ओशाळल्यासारखं झालं. तिने पदराला हात पुसले. "आकडा मीच लावायची की. अक्काची बोटं वाकडी झाली न्हवं संधिवातानं, तवापासून. आकड्यापाशी डोळं होतं. डोळ्याच्या आत कान. त्याच्या आत घर. त्याच्या पलीकडं मी कशाला बगू?"

"कान कशाचा?" मी म्हणालो. "कान कुणाचा दुखला होता?"

"तुमचा."

"माझे कान उत्तम आहेत."

"मी बी तेच म्हणलं अक्काला. अण्णांस्नी पाल चुकचुकली तरी ऐकू येतंय, त्यांच्या कानाला काय नवस बोलतीस. तर अक्का म्हणाली, पालीचं येतंय गं." ती हसली आणि मग माझ्याकडे पाहून थांबली. "स्वल्प सरका, पुसून घेते."

मी खुर्ची मागे घेतली. ती टेबल पुसत होती, वाट्या उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवत होती, आणि मी कान हातात घेऊन बसलो होतो. सुरेख घडवलेला होता, आतली वळणंसुद्धा होती. मला तो दिवस आठवत होता. दिवस म्हणजे तारीख नव्हे, उजेड. निवृत्तीनंतर मी आमच्या संस्थेच्या जुन्या अहवालांची एक सूची करायला घेतली होती, कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. आतल्या खोलीत कागद पसरून बसायचो. प्रमोदिनीही तोवर निवृत्त झाली होती आणि घरभर तिचा हात वाजायचा. डबा उघडताना, कपडे वाळत घालताना, काही बोलताना ती हात हलवायची तेव्हा. एका सकाळी ती मला काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते मी आता कितीही शोधलं तरी सापडत नाही. मी मान वर न करता म्हणालो, "ते जरा काढून ठेवतेस का? लक्ष लागत नाही." बोलणं थांबलं. आकडा सुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, समजूतदार आहे. त्यानंतर घरात शांतता झाली आणि माझी सूची वेगाने पुढे सरकली. ते ब्रेसलेट तिने स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवलं, बाहेर जाताना दारात उभी राहून घालायची, परत आली की दारातच काढायची. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं असेल, कदाचित दोन. लक्षात आल्यावर मी, आता घालत जा, असं म्हणायला हवं होतं. मी ते वाक्य मनात पुष्कळदा तयार केलं. पण इतक्या उशिरा म्हटलं तर त्या सकाळचा विषय निघेल, या भीतीने ते तसंच राहिलं. ठकुबाई म्हणते त्यावरून कानाचं लटकन त्याच सुमाराचं. म्हणजे ते अव्हेन्यू रोडवर जाऊन आणलं गेलं, देवाला एक वाहून झालं, दुसरं साखळीत गेलं आणि आमच्या दारात घातलं-काढलं गेलं, तेव्हा मी आतल्या खोलीत होतो.

बारा वाजून गेल्यावर बेल वाजली. तोवर मी सगळी लटकनं नवीन साखळीत ओवली होती. दहांचा क्रम तर्काने लावला होता आणि चार, घुबड, किल्ली, शिडी, होडी, मोकळ्या जागा पाहून मध्येमध्ये घातली होती. वाट्या ठकुबाईने घासून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या.

प्रांजली दमलेली होती. तिने माझ्या गोळ्यांचे तीन महिन्यांचे डबे आणले होते, वारांची नावं लिहून. सोमवारपासून रविवारपर्यंत कोणती केव्हा, ते तिने मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा समजलं म्हणालो. मग तिने हात धुतले, टेबलाशी बसली आणि डावं मनगट माझ्यासमोर धरलं. "घाला," ती म्हणाली. मला आकडा लावता आला नाही. ठकुबाईने येऊन लावला आणि माझ्याकडे न पाहता आत गेली.

प्रांजली त्रेचाळीस वर्षांची आहे. तिने डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं साखळीवर ठेवली. "लहानपणी मी आईच्या कुशीत असंच म्हणायचे," ती म्हणाली, "झोप येईपर्यंत. पान, मासा, मी, स्कूटर, पाय, जोडा, टंबलर. मी म्हणजे पाळणा." बोटं पानावरून पुढे गेली आणि थांबली. मागे आली, पुन्हा पुढे गेली. तिने डोळे उघडले नाहीत. "मासा कुठाय?"

"पाळण्याच्या नंतर," मी म्हणालो.

"नाही. मासा माझ्या आधी." मग तिने डोळे उघडले. "ही साखळी नवीन आहे. बाबा, काय केलंत तुम्ही?"

"दुकानात कदाचित त्यांनी," मी म्हणालो, आणि वाक्य तिथे सोडलं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका दुकानदारावर ढकलायला निघालो होतो. "मीच सोडवली. वर्गवारी केली. क्रम असतो हे ध्यानात आलं नाही."

"वर्गवारी."

मी खिशातून चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. का काढल्या, सांगता येत नाही. तिने त्या एकेक वाचल्या. प्राणी. वनस्पती. अवयव. "आई अशी लावलीत तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. ती उठून खिडकीशी गेली, तिथे पाठ करून उभी राहिली. खाली कुणीतरी कुणाला "सरी, सरी, बर्तीनी," असं कन्नडमधून, येतो म्हणून सांगत गाडी मागे घेत होतं. मी बसून राहिलो. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. तो हात कुठून कसा न्यायचा, याचा विचार करेपर्यंत ती परत आली होती.

"पकड द्या," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं ते पुन्हा उसवायला बसलो. ती कड्या उघडायची, मी लटकन धरायचो. तिने मासा पाळण्याच्या आधी घातला. मी कारवारचं सांगितलं, समुद्राचं. "कारवारचा नाही हो," ती म्हणाली. "मी पोटात असताना आईला बांगडा खावासा वाटायचा. माहेरी शेजारच्यांकडे चोरून खाल्ला होता म्हणे एकदा. तुमच्याकडे कसं बोलणार? तुमची आई तेव्हा इथेच होती. म्हणून चांदीचा आणला. मला म्हणायची, तुझ्या डोहाळ्यांचं एवढंच झालं बघ." तिला हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले. जोड्याचंही तिला ठाऊक होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी बसमधून तिचा एक बूट पडला, आई पुढच्या थांब्यावर उतरून तो शोधत मागे चालत आली, आणि तो सापडला नाही. मला ही गोष्टच माहीत नव्हती. मी त्या दिवशी कामावर असणार. टंबलरनंतर घर, कान, डोळे, हे मी सांगितलं. कान का, ते तिने विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. ती कड्या दाबून बंद करत राहिली.

चार उरली. तिने ती टेबलावर ओळीने ठेवली.

"उगाच काहीतरी सांगू नका हं," ती म्हणाली. "माहीत नसेल तर नाही म्हणा. घुबड?"

"माहीत नाही."

"किल्ली?"

किल्लीसाठी माझ्याकडे एक गोष्ट तयार होती, चांगली होती, तिला पटली असती. मी म्हणालो, "माहीत नाही."

"शिडी? ही तर मी पाहिल्याचंसुद्धा आठवत नाही."

"माहीत नाही."

होडीचं तिने विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. मला वाटतं, आम्ही दोघं एकमेकांशी इतकं खरं याआधी कधी बोललो नव्हतो. पण हे मला आता वाटतं.

तिने दहा लटकनांचं ब्रेसलेट हातात घातलं. ती चार माझ्याकडे सरकवली. "ही मी नेत नाही," ती म्हणाली. "तिकडे मला कुणी विचारलं तर काय सांगू? इथे निदान ती राहत होती." मी म्हणालो, आठवलं तर कळवतो. "हो," ती म्हणाली, जसं मुलांना म्हणतात तसं. जेवून तीन वाजता निघाली. वाकून नमस्कार केला, "येते" म्हणाली, लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात वर धरला. गुरुवारी विमानतळावर येऊ नका, मध्यरात्रीचं विमान आहे, हे तिने आधीच सांगितलं होतं.

ठकुबाईही गेली. मी टेबलाशी येऊन बसलो. घुबड, किल्ली, शिडी, होडी. घुबडाला एक डोळा मोठा आणि एक बारीक होता, घडवणाऱ्याचा हात हलला असेल. शिडीला पाच पायऱ्या होत्या. त्यांपैकी कशाला ती घाबरली होती आणि काय तिला नुसतं आवडलं होतं? कोणासाठी काय मागितलं होतं, ते मिळालं होतं का? या घरात आणि आधीच्या घरात मिळून ती माझ्या शेजारी किती हजार वेळा बसली असेल, हात टेबलावर ठेवून. विचारायला एक वाक्यसुद्धा लागलं नसतं. मी होडी उचलून तळहातावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीकडे पाहून, बऱ्यापैकी मोठ्याने, विचारलं, "ही कशाची गं?" आणि विचारल्यावर, उत्तर येणार असं धरून माणूस जितका वेळ थांबतो, तितका वेळ मी थांबलो.